जोडीदार वर लटकलाय, रोप तुमच्या हातात आहे

आमच्याकडून कडे चढायचा रोप (दोर) घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही 6 मिमी दोरीचे दोन प्रुसिक लूप (रोपवर गुंडाळले की पकड घेणारे फास) आणि हे पत्रक देतो. लूप सॅकच्या तळाशी टाकू नका, हार्नेसला (कमर-मांड्यांच्या पट्ट्याला) अडकवा.

लीडर, म्हणजे पुढे चढणारा जोडीदार, पडला, डोक्याला मार बसला, हाकेला ओ देत नाही. सगळा भार तुमच्या बिले डिव्हाइसवर (रोप रोखणाऱ्या उपकरणावर) आणि ब्रेकचा, म्हणजे रोप आवळून धरणारा, हात सोडायची सोय नाही. मदतीची वाट पाहत बसणं इथे धोक्याचं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि तेच जिवावर बेतू शकतं.

आधी पाहा, रोप पुरतोय का. निम्म्याहून कमी रोप वर गेला असेल तर जखमीला सरळ खाली उतरवा. याहून चांगली सुटका नाही. म्हणूनच रोपची मधली खूण ठळक हवी आणि मोकळ्या टोकाला गाठ हवीच.

रोप पुरत नसेल तर हात मोकळे करावे लागतात. ब्रेककडचा रोप म्यूल नॉटने (भार असतानाही सुटणाऱ्या गाठीने) बांधा, वर ओव्हरहँड (साधी गाठ) मारा. भाराच्या रोपवर प्रुसिक घाला. त्याला लांब दोरी जोडून ती अँकरवर (कड्याला पक्क्या केलेल्या आधारावर) मुंटर हिच (घर्षणाने दोरी धरणारी गाठ) आणि म्यूल नॉटने बांधा, म्हणजे भार असतानाही सोडवता येते. आता भार सावकाश तिच्यावर जाऊ द्या. मुख्य रोपही अँकरला बांधल्याशिवाय डिव्हाइस काढू नका. आणखी एक, जे हमखास विसरतं: लीडर वर रोप अडकवलेल्या पॉइंटवर लटकलेला असताना तुमच्या अँकरवर ओढ वरच्या दिशेने येते. अँकर ती पेलणारा हवा.

प्रुसिकची गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये मांडली. भार आला की पकडते, गेला की सरकते. 9 ते 10 मिमी रोपवर साधारण तीन वेढे पुरतात. ओल्या रोपवर एक वाढवा. दोरी रोपपेक्षा बारीक हवी, नाहीतर पकड येत नाही. बारीक डायनीमा स्लिंगवर (कृत्रिम धाग्याच्या पट्टीवर) मात्र विसंबू नका, ती निसरडी असते आणि नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते.

जखमी खाली आल्यावर त्याला आडवं झोपवा, श्वास तपासा. बसवून ठेवायचा जुना सल्ला आता दिला जात नाही.

हे सगळं वाचून येत नाही. जमिनीलगत, जोडीदाराला हातभर उंचीवर लटकवून, दुसऱ्या रोपचा बॅकअप लावून करून पाहा. पहिल्यांदा गाठी चुकतातच. लूप घासून केसाळ झाले की आणून द्या, बदलून देऊ.