पांदण (सायकलभ्रमंती)

पांदण : दोन्ही बाजूंच्या वावरांमधून जाणारी, धुऱ्यांनी (बांधांनी) व काटेरी झुडपांनी बंदिस्त झालेली कच्ची गाडीवाट. विदर्भात हा शब्द स्त्रीलिंगी चालतो. ‘पांदण रस्ता’ असा जोडप्रयोगही रूढ आहे. गावाच्या आखरापासून (गावालगत गुरे जमण्याच्या जागेपासून) वावरापर्यंत आणि तिथून शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत बंडी (बैलगाडी), जनावरे व माणसे जाण्यासाठी ती असते. डांबरी रस्त्यावरची वर्दळ टाळून जुनी खेडी, नदीकाठ आणि अवशेषस्थळे सायकलने पाहणाऱ्यांना हीच वाट सोयीची पडते. या नोंदीत पांदणीचा विचार मुख्यतः त्या अंगाने केला आहे.

व्युत्पत्ती : ‘पांदण’ आणि पश्चिम महाराष्ट्रातील ‘पाणंद’ हा मुळात एकच शब्द, याबद्दल फारसा वाद नाही. कोकणात ‘पांद’ असे आखूड रूपही आढळते. वाद आहे तो मूळ कोणते, याचा. एक मत संस्कृत ‘पन्थन्’ म्हणजे वाट या शब्दाकडे जाते. अर्थ चपखल बसतो आणि सिंधी-पंजाबीकडे त्याच मुळातून आलेला ‘पंध’ हा शब्द वाट, मजल या अर्थी आहे, हेही त्याच्या बाजूचे. परंतु अनुनासिकापुढचे कठोर व्यंजन मृदू करणे ही त्या भाषांची सवय, मराठीची नव्हे. संस्कृत ‘दन्त’चे पंजाबीत ‘दंद’ झाले, मराठीत ‘दात’. ‘पञ्च’चे तिकडे ‘पंज’, इकडे ‘पाच’. त्या न्यायाने ‘पन्थ’चे मराठीत ‘पाथ’सारखे काही व्हायला हवे होते. शब्द उसना आला असे म्हटले तर ही अडचण सुटते. पण शेतवाटेसारखा घरचा शब्द इतक्या लांबून उसना घ्यावा लागला, हे पटणे कठीण.

दुसरे मत ‘पाणी’ हा शब्द पुढे करते. पावसाळ्यात ही वाट ओढ्यासारखी वाहते, म्हणून पाणंद. वस्तूचे वर्णन म्हणून याच्याइतके नेमके दुसरे काही नाही. लोखंडी धावेची चाके काळी माती कातत जातात, पहिला पाऊस ती भुगटी वाहून नेतो आणि काही पिढ्यांत वाट दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा हात-दोन हात खाली बसते. मग शिवारातले पाणी तिच्यात उतरणारच. तरीही शब्दातल्या ‘द’चा उलगडा या मताने होत नाही आणि कोकणातल्या ‘पांद’मध्ये तर ‘ण’च नाही.

तिसरे मत ‘पाद’पासून ‘पांद’ व त्याला ‘वळण’, ‘दळण’ यांतल्यासारखा ‘ण’ लागून ‘पांदण’ असे मानते. ‘पक्ष’पासून ‘पंख’ होताना कारणाविना अनुनासिक आले आहे, तेव्हा ‘पाद’चे ‘पांद’ होणे अशक्य नाही. पुढे ‘नुकसान’चे बोलीत ‘नुसकान’ होते तशी अक्षरांची अदलाबदल होऊन आणि ‘पाणी’ शब्दाच्या ओढीने ‘पाणंद’ घडले असावे. असे धरल्यास वैदर्भी रूप जुने आणि घाटावरचे नंतरचे ठरते. हे मत तूर्त अधिक सुरक्षित वाटते. पायांची वाट बैलगाडीची कशी झाली, एवढा प्रश्न मात्र त्यात शिल्लक राहतो. शासकीय कागदांनी ‘पाणंद’ हेच रूप उचलले आहे. ११ नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयाने सुरू झालेल्या ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते’ योजनेच्या नावातही तेच आहे.

नकाशा व रुंदी : गावनकाशावर गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साधारण १६.५ ते २१ फूट, पायमार्गाची ८.२५ फूट धरली जाते. हे अपूर्णांक विचित्र वाटले तरी ते मोजणीच्या साखळीतून आलेले आहेत. गुंठा ज्या साखळीने मोजतात ती ३३ फुटांची व १६ आण्यांची. तिचे आठ आणे म्हणजे १६.५ फूट आणि चार आणे म्हणजे ८.२५ फूट. ६६ फुटी गुंटर साखळीने मोजल्यास हेच आकडे तिचा पाव आणि अष्टमांश ठरतात. पांदणीची रुंदी म्हणून बंडीच्या आसावरून आली की मोजणीदाराच्या साखळीवरून, हे ठरवताना साखळीकडे झुकावे लागते. बंडीला इतकी जागा लागतही नाही. दोन बंड्या समोरासमोर आल्या तर एकीने धुऱ्याला चाक लावून दुसरीला वाट द्यावी, हा रिवाज मात्र कोणत्याही साखळीत मोजलेला नाही.

विदर्भाच्या दोन भागांत पांदणीची नोंद सारखी नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याच्या नावे, मोजणी झाली. वाटा सर्व्हे नंबरांच्या हद्दींना धरून नोंदल्या गेल्या. भोसल्यांच्या नागपूर राज्याचा जो मुलूख खालसा झाला, तिथे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत वसूल करण्याची पद्धत, होती. तिथल्या वाटेच्या, चराईच्या व पाणवठ्याच्या वहिवाटी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत सापडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोन्ही दप्तरांना स्थान आहे. याच संहितेच्या कलम १४३ नुसार शेताच्या हद्दीवरून वाट मिळण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो, तर असलेली वाट कुणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आधार घेतात. प्रत्यक्षात वाट एका दिवसात अडत नाही. दरवर्षी वखराची एक तास धुऱ्यापलीकडे सरकते आणि नकाशावरची १६ फुटी पांदण सायकलच्या हँडलाला दोन्हीकडची तूर लागेल इतकी उरते.

सायकलच्या दृष्टीने : पांदण वाहनमुक्त आहे ती कुणी तशी आखली म्हणून नव्हे, तर मोटारीला ती परवडत नाही म्हणून. खडीकरण झाले की ट्रॅक्टर आणि मोटारसायकली येतात, डांबर पडले की ती पांदण उरत नाही. गावाला पक्का रस्ता हवाच असतो. सायकलवाल्याच्या हौसेपायी तो थांबावा, अशी अपेक्षा धरता येत नाही.

हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात भारी काळी जमीन फुगते व चिकट होते. अठ्ठावीस इंची सायकलीच्या टायर आणि मडगार्ड यांमधली बोटभर फट शंभर पावलांत चिखलाने भरते आणि चाक फिरायचे थांबते. मग उतरून तुराटीच्या काडीने चिखल खरवडायचा, पुन्हा शंभर पावले जायचे. शेतावर जाणारे म्हणूनच मडगार्ड काढून ठेवतात किंवा सायकल खांद्यावर घेतात. उन्हाळ्यात तीच जमीन तडकते. चाकोरीच्या कडेची भेग पुढचे चाक धरून ठेवण्याइतकी रुंद असते. थंडीत चाकोरी कडक व गुळगुळीत होते, पण तेव्हा गाठ पडते बाभळीच्या वाळल्या काट्यांशी. कुंपणाला लावलेल्या काट्या वाऱ्याने पांदणीत येतात, म्हणून पंप, सोल्युशन आणि जादा ट्यूब बरोबर असावी. सायंकाळी गाईगुरे परतताना पांदण सायकलची नसते. उतरून धुऱ्याला उभे राहणे हाच शिष्टाचार. हागणदारीमुक्तीच्या मोहिमांपूर्वी गावालगतची पांदण पहाटे दुसऱ्याच कामाची असे, हे जुन्या फिरस्त्यांना ठाऊक आहे.

ऐतिहासिक परिसर : एखादी विशिष्ट पांदण विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्याच्या काळापासून चालत आली, असे म्हणण्यास आधार नाही, ताम्रपटांत दान दिलेल्या गावाची ओळख शेजारची गावे व नद्या यांवरून सांगितलेली असते. अचलपूरजवळच्या चम्मक येथील ताम्रपटात हे गाव मधुनदीच्या तीरावर असल्याचे म्हटले आहे. एवढ्यावरून नदीकाठची वस्ती जुनी हे कळते, वाट जुनी हे कळत नाही.

रामटेकच्या भोवतालचा प्रदेश सायकलला सर्वांत फलदायी. नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन, ही ओळख बहुमान्य आहे. तिथल्या अलीकडच्या उत्खननात द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटक राज्याचा कारभार पाहणारी राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रा मिळाली. द्वितीय प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर कुठली, यावर मात्र मतभेद आहेत. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ती धाम नदीकाठच्या पवनारशी जुळवली आणि दीर्घकाळ तेच मत चालले. मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तिथेच असावे, असा पक्ष पुढे आला. हिडिंबा टेकडीवरचे भव्य विटांचे बांधकाम म्हणजे ताम्रपटांत येणारे प्रवरेश्वराचे देवस्थान, असेही प्रतिपादन झाले. ‘पवनार’मधला ‘न’ प्रवरपुरातून सरळ निघत नाही, हे मिराशींच्या पक्षाचे दुबळे अंग. देवस्थान मनसरला मानले तरी राजधानीही तिथेच होती असे सिद्ध होत नाही, इतके लक्षात ठेवावे. मनसर आणि नगरधन रामटेकहून एका दिवसात होतात. पवनार हे वर्ध्याच्या बाजूला वेगळे पडते. तिथे विनोबांचा आश्रम आहे आणि गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले ते सेवाग्रामही फार दूर नाही. नागपूर-वर्धा रस्त्याने गेल्यास यातले काहीच निवांत पाहता येत नाही.

नागपूरच्या पश्चिमेला काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी त्यांतली काही उकरली. पडीत जमिनीत ती सहज ओलांडली जातात. दगडांवरच्या वाटीसारख्या खोलगट खुणा कोवळ्या तिरप्या उन्हातच नीट दिसतात, आणि सायकलने सकाळी लवकर पोचणाऱ्याला हा लाभ आपोआप मिळतो. समृद्धी महामार्गाने वर्धा आणि वाशीम जिल्ह्यांतल्या अनेक पांदणी आडव्या कापल्या. त्या महामार्गावर सायकलला प्रवेश नाही, ती खालच्या बोगद्यातून पलीकडे काढावी लागते.

लोहमार्गालगत : मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारा अरुंद, ७६२ मिमी मापाचा ‘शकुंतला’ लोहमार्ग कापसासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला, तो कधी सुरू झाला याची वर्षे वेगवेगळी सांगितली जातात. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत होते. आयर्लंडमध्ये अटलांटिक किनाऱ्यालगतचा वेस्टपोर्ट-अचिल हा १९३७ मध्ये बंद झालेला लोहमार्ग पुढे सुमारे ४२ किमीची वाहनमुक्त सायकलवाट बनला. त्यावरून शकुंतलेबद्दलही अशी कल्पना मांडता येते, पण फरक मोठा आहे. तिथली गाडी लोक विसरून गेले होते, इथल्या लोकांची मागणी बंद पडलेली गाडी रुंदमापी होऊन परत यावी अशी आहे.

पूर्व विदर्भ : भंडारा-गोंदियाकडे भातखाचरांमुळे गाडीवाटा तुटक असतात. तिथे माजी मालगुजारी तलावांच्या पाळींवरून सायकल जाते. पाळ उंच, कोरडी आणि सलग असल्याने एरवी दुर्गम असलेली गावेही जोडली जातात. गडचिरोलीतील वाटा बव्हंशी जंगलातल्या असून त्यांना पांदण म्हणत नाहीत.