नोकरी सांभाळून ओपिऑइड पर्यायी उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि पहिला आठवडा

गर्द, अफू किंवा अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजेच ओपिऑइड, यांचे व्यसन लागलेल्या माणसाला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. यालाच ओपिऑइड पर्यायी उपचार किंवा थोडक्यात ओएसटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधे 2005 पासून आहेत. यासाठी बहुतेकांना दवाखान्यात भरती व्हावे लागत नाही.

नोकरदाराचे घोडे पात्रतेवर क्वचितच अडते. अडते ते वेळेवर. सुरुवातीला औषध रोज केंद्रात जाऊन, तिथल्या माणसासमोर घ्यावे लागते. त्यामुळे पहिल्याच फोनवर विचारून घ्या: औषध किती वाजल्यापासून मिळते, सुट्टीच्या दिवशी काय करायचे, शिफ्ट बदलली तर वेळ बदलून मिळेल का? घराजवळच्या केंद्रापेक्षा कामाच्या वाटेवरचे केंद्र अनेकदा सोयीचे पडते.

पात्रता

ओपिऑइडवर अवलंबित्व असल्याचे डॉक्टरांचे निदान ही मुख्य अट. घेण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळे त्यापुढे मागे पडले आहे, आणि न घेतल्यास टर्की (नशा न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास) येते किंवा तेवढाच परिणाम व्हायला जास्त घ्यावे लागते, यांतल्या किमान दोन गोष्टी डॉक्टर पाहतात. त्या साधारण वर्षभर दिसत असाव्यात; रोज घेणाऱ्याच्या बाबतीत त्याहून कमी काळही पुरतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी नियम वेगळे असतात. गरोदरपण आड येत नाही, उलट अशा वेळी उपचार लवकर सुरू करतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ते लपवू नका; या औषधांबरोबर त्या श्वास मंदावतात आणि जीव जाऊ शकतो. मेथाडोन घ्यायचे असेल आणि हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी काढायला सांगतात.

कागदपत्रे

फोटो असलेले ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आधीच्या उपचारांचे केस पेपर, चालू औषधांची यादी आणि असल्यास यकृत, एचआयव्ही, हिपॅटायटिस यांचे रिपोर्ट सोबत न्या. एखादा कागद नसेल तर तेवढ्यासाठी घरी बसू नका, केंद्रात विचारा. संमतीपत्र तिथेच भरून घेतात. सही करण्यापूर्वी तुमची माहिती कोणाला दिली जाऊ शकते, तो भाग नीट वाचा. मालकाचे पत्र सहसा लागत नाही.

पहिला डोस

या दिवशी कोणत्याही कागदापेक्षा महत्त्वाची असते ती शेवटची नशा केल्याची खरी वेळ. ब्युप्रेनॉर्फिन लवकर घेतले तर आधीच्या नशेला ते मेंदूतल्या जागेवरून ढकलते आणि जोरदार टर्की एकदम अंगावर येते. म्हणून गर्द घेतल्यावर किमान बारा तास, आणि मेथाडोनसारख्या लांब टिकणाऱ्या औषधानंतर चोवीस तासांहून अधिक, थांबायला सांगतात. जांभया, घाम, काटा येणे, मोठी झालेली बुबुळे अशी लक्षणे मोजूनच गोळी जिभेखाली ठेवायला देतात. पहिला डोस साधारण 2 ते 4 मिलिग्रॅमचा असतो. गोळी विरघळायला काही मिनिटे लागतात. गिळली तर फारसा उपयोग होत नाही.

मेथाडोनसाठी टर्कीची इतकी वाट पाहावी लागत नाही, पण ते शरीरात हळूहळू साचते. पहिला डोस सहसा 10 ते 30 मिलिग्रॅमचा, आणि पहिले दोन आठवडे सगळ्यात जोखमीचे. ‘आज काहीच जाणवले नाही’ म्हणून वरून नशा करणे जिवावर बेतते.

माझे मत विचाराल तर ब्युप्रेनॉर्फिनसाठी दोन-तीन दिवसांची रजा काढा. मेथाडोनचा योग्य डोस ठरायला काही आठवडे लागतात, तेवढी रजा कोणाला मिळत नाही. मग निदान त्या काळात गाडी आणि यंत्र चालवण्याचे काम टाळा.

ऑफिसात काय सांगायचे

रजेसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागलेच तर ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत, अमुक तारखेपासून कामास योग्य’ एवढाच मजकूर मागा. निदान लिहायचा आग्रह धरला गेला तर आधी डॉक्टरांशी बोला. चालक, वैमानिक, क्रेन ऑपरेटर अशा कामांत मात्र औषध जाहीर करण्याचे नियम असू शकतात, ते आधी तपासा. मॉर्फिन शोधणाऱ्या साध्या लघवीच्या चाचणीत ही दोन औषधे सहसा दिसत नाहीत. ती शोधायला वेगळी चाचणी असते. तरीही नोकरीत अशी चाचणी होत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या.

घरी न्यायचे डोस, प्रवास, बदली

तब्येत स्थिर झाली की काही ठिकाणी डोस घरी नेता येतात. दिवसांची मर्यादा देशागणिक वेगळी असते. औषध कुलुपात ठेवा; मुलाने एक डोस घेतला तरी जीव जाऊ शकतो. घरात नालोक्सोन (ओपिऑइडचा जास्त झालेला डोस उतरवणारे औषध) असावे आणि ते कसे द्यायचे हे घरच्यांना ठाऊक असावे. परदेशी जाताना आधी त्या देशाचे नियम पाहा, कारण दोन्ही औषधांवर आंतरराष्ट्रीय करारांनुसार नियंत्रण आहे.

कामाच्या धबडग्यात सलग तीन दिवस मेथाडोन चुकले, तर चौथ्या दिवशी जुनाच डोस मागू नका. शरीराची सवय कमी झालेली असते, डॉक्टर मात्रा पुन्हा ठरवतील. बदली झाली तर निघण्यापूर्वी केंद्राकडून पत्र घ्या. त्यावर शेवटच्या डोसची मात्रा आणि तारीख हवीच. नव्या केंद्रात तीच आधी विचारतात.