नियोजन मंडळ (अमेरिका)

अमेरिकेतील गावे, टाउनशिप आणि शहरे यांच्या हद्दीत कोणत्या जमिनीवर काय, किती आणि कसे बांधावे, यासंबंधीचे अर्ज तपासून त्यांवर निर्णय देणारी स्थानिक संस्था. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स या ईशान्येकडील राज्यांत तिला ‘प्लॅनिंग बोर्ड’ म्हणतात. इतर बहुतेक राज्यांत ‘प्लॅनिंग कमिशन’ हे नाव रूढ आहे. जमीनवापरावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मुळात राज्यांचा, आणि राज्ये तो कायद्याने स्थानिक संस्थांकडे सोपवतात. त्यामुळे मंडळाची सदस्यसंख्या, निर्णयाच्या मुदती, लागणारी मते हे सारे राज्यागणिक बदलते. सदस्य बहुधा गावातलेच, बिनपगारी. दिवसा आपापली नोकरी करून संध्याकाळी बैठकीला येणारे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी, कारण सुनावणीला तावातावाने आलेल्या नागरिकांना ती सहसा ठाऊक नसते. झोनिंगचे, म्हणजे कोणत्या भागात कोणता वापर व बांधकाम चालेल हे ठरवणाऱ्या क्षेत्रविभागणीचे नियम सहसा मंडळ करत नाही. गावाचा सर्वंकष आराखडा तयार करणे आणि नियमांत बदल सुचवणे हे त्याचे काम असले, तरी झोनिंगचा नकाशा व उपविधी मंजूर करते ती निवडून आलेली परिषद, किंवा न्यू इंग्लंड या ईशान्येकडील प्रदेशातील गावांत मतदारांची ‘टाउन मीटिंग’. प्रत्यक्ष अर्ज समोर आल्यावर मंडळाची भूमिका बरीचशी न्यायाधीशाची होते. अर्ज नियमात बसत असेल, तर तो सदस्यांना किंवा शेजाऱ्यांना आवडला नाही एवढ्यावरून फेटाळता येत नाही. गावात कोणती घरे होतील आणि कोणती होणार नाहीत याचा मोठा भाग अर्ज दाखल होण्याच्या कितीतरी आधी, नकाशाला रंग देतानाच ठरलेला असतो.

क्षेत्रविभागणीचा इतिहास

हार्टफर्ड (कनेटिकट) येथे 1907 मध्ये स्थापन झालेला आयोग हा अमेरिकेतील पहिला कायमस्वरूपी शहर नियोजन आयोग मानला जातो. संपूर्ण शहराला लागू होणारी पहिली व्यापक क्षेत्रविभागणी न्यू यॉर्कने 1916 मध्ये केली. तिला तात्कालिक निमित्त ठरली ब्रॉडवेवरील इक्विटेबल बिल्डिंग. 1915 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत पदपथाच्या कडेपासून सरळ वर चढत गेली होती आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर तिची सावली पडून राहत असे. नव्या नियमांनी उंची वाढेल तसे बांधकाम मागे सरकवण्याची सक्ती केली. न्यू यॉर्कच्या जुन्या गगनचुंबी इमारतींना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला तो त्यामुळे.

हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने 1920 च्या दशकात दोन नमुना कायदे प्रसिद्ध केले, एक झोनिंगसाठी आणि दुसरा (1928) शहर नियोजनासाठी. बहुसंख्य राज्यांनी ते थोड्याफार फरकाने उचलले. आजच्या मंडळांची घडण आणि जाहीर सुनावणीची पद्धत यांवर या नमुन्यांची छाप दिसते.

झोनिंग घटनेत बसते का, हा प्रश्न 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावात अँब्लर रिअल्टी या कंपनीची 68 एकर जमीन होती. उद्योगासाठी तिला चांगला भाव येईल अशी कंपनीची अपेक्षा, पण गावाने तिच्या बऱ्याच भागावर निवासी निर्बंध घातले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. कारखाने आणि घरे वेगळी ठेवण्याचे समर्थन सोपे होते. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांचे निकालपत्र मात्र त्यापुढे गेले: स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी भाड्याची सदनिकांची इमारत ही त्या वस्तीच्या मोकळ्या जागेवर व आकर्षकपणावर जगणारे बांडगूळ आहे, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. सदनिका म्हणजे उपद्रव, ही समजूत तिथून कायद्याच्या भाषेत रुजली.

या इतिहासाला वर्णभेदाची किनार आहे. कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या रस्त्यावर राहायचे हे ठरवणारा लुइव्हिल शहराचा वटहुकूम सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्येच रद्द केला होता. त्यानंतर वंशाचे नाव न घेता तोच परिणाम साधण्याचे मार्ग उरले. भूखंड किमान एक एकराचा हवा, घराचे क्षेत्रफळ अमुक इतके हवे, सदनिकांना परवानगी नाही, अशी कलमे वाचताना निरुपद्रवी वाटतात. गावात कोणाला घर परवडणार नाही हे मात्र ती नेमके ठरवतात.

अर्जाचा प्रवास

मंडळापुढे मुख्यतः दोन प्रकारची कामे येतात. पहिले जमिनीचे प्लॉट पाडण्याचे: मोठ्या जमिनीचे तुकडे, त्यांतले रस्ते, गटारे, पाण्याच्या वाहिन्या. दुसरे जागेच्या आराखड्याला मंजुरी देण्याचे: इमारत कुठे उभी राहणार, गाड्या कुठून शिरणार, पावसाचे पाणी कुठे मुरणार, दिव्यांचा झोत शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार की नाही. मॅसॅच्युसेट्समधील मंडळे बऱ्याचदा विशेष परवानेही (काही वापरांना प्रकरणागणिक द्यायची परवानगी) देतात. नियमातूनच सूट हवी असेल, म्हणजे सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांमधील मोकळी जागा) कमी करायचे किंवा निषिद्ध वापर करायचा, तर तो विषय सहसा ‘झोनिंग बोर्ड’ या वेगळ्या मंडळाकडे जातो. दोन्ही मंडळांची नावे वर्तमानपत्रांतसुद्धा सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

उदाहरण म्हणून न्यू जर्सीची पद्धत पाहता येईल. तेथील 1975 च्या कायद्यानुसार मंडळात सात किंवा नऊ सदस्य असतात. त्यांत महापौर किंवा त्यांचा प्रतिनिधी, एक पालिका अधिकारी, परिषदेचा एक सदस्य आणि उरलेले सामान्य नागरिक. अर्ज ‘परिपूर्ण’ असल्याचा शेरा मिळाला की मुदत सुरू होते. दहा एकरांपर्यंतची जागा व दहापर्यंत घरे असतील तर आराखड्यावर 45 दिवसांत निर्णय द्यायचा, त्याहून मोठ्या प्रकल्पावर 95 दिवसांत. जागेपासून 200 फुटांच्या आतील मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सुनावणीत बिल्डरचे वकील, अभियंता, वाहतूकतज्ज्ञ शपथेवर साक्ष देतात, मंडळाचे स्वतःचे अभियंते त्यांना प्रश्न विचारतात आणि शेजाऱ्यांनाही उलटतपासणी घेता येते. शेवटी मतदान आणि कारणांसह लेखी ठराव. हा ठरावच महत्त्वाचा, कारण प्रकरण कोर्टात गेले तर न्यायाधीश पाहतो तो हा ठराव आणि सुनावणीची नोंद. निर्णय मनमानी किंवा पुराव्याला सोडून नसेल, तर न्यायालये सहसा त्यात हात घालत नाहीत.

कागदावरची मुदत आणि खरी मुदत यांत अंतर पडते. मंडळ मुदतवाढ मागते आणि नकार पदरात पडण्यापेक्षा ती दिलेली बरी म्हणून बिल्डर ती देतो. न्यू यॉर्क राज्यात पर्यावरणीय आढाव्याचा कायदा आहे. प्रकल्पाचा लक्षणीय परिणाम होणार नाही असे मंडळाने ठरवेपर्यंत, किंवा परिणामांचा मसुदा अहवाल पूर्ण मानला जाईपर्यंत, प्लॉट पाडण्याच्या अर्जाचे घड्याळ सुरूच होत नाही. बिल्डरच्या अंगावर तोवर कर्जाचे व्याज चढत असते. मंडळाची खरी ताकद नकाराधिकारात नाही, ती या विलंबात आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. लहान प्रकल्प त्यात आधी गळतात, कारण वर्षभर वकील आणि तज्ज्ञ पोसणे दोनशे घरांच्या प्रकल्पाला जमते, सहा घरांच्या नाही.

मतांची अटही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पाच सदस्यांच्या मंडळात विशेष परवान्याला चार मते लागत. एक सदस्य गैरहजर आणि एकाच्या मनात शंका, एवढ्याने प्रकल्प बारगळू शके. 2021 मध्ये ठरावीक प्रकारच्या घरबांधणीपुरती ही अट साध्या बहुमतावर आणली गेली.

सुनावणी आणि तिथे येणारे लोक

जाहीर सुनावणीत मुद्दे ठरलेले असतात: वाहतूक वाढेल, शाळा भरून जातील, तळघरात पाणी येईल, गावाचे रूप बदलेल. यांतले पाण्याचे म्हणणे अनेकदा खरे ठरते आणि अभियंत्याला निचऱ्याचा आराखडा सुधारावा लागतो. सुनावणीचा खरा फायदा इथे दिसतो. वाहतुकीचे तसे नाही. न्यू जर्सीत, झोनिंगने ज्या वापराला मुभा दिली आहे त्याचा अर्ज आसपासच्या रस्त्यांवर गर्दी वाढेल या कारणावरून मंडळाला फेटाळता येत नाही, कारण तो विचार झोन ठरवतानाच झाला असे कायदा धरून चालतो. नवे रहिवासी कोण असतील, हा तर विचारात घेण्याचा विषयच नाही. 1968 च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्याने वंश, धर्म, मूळ देश यांवरून भेदभावाला बंदी आहे. तो प्रश्न मग ‘गावाचे रूप’ या शब्दांच्या आडून येतो.

बॉस्टन विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्समधील मंडळांची इतिवृत्ते मतदारनोंदींशी ताडून पाहिली. बोलायला उठणारे लोक गावाच्या सरासरीपेक्षा वयस्क, जास्त प्रमाणात पुरुष, घरमालक आणि जुने रहिवासी असल्याचे आढळले. नव्या घरांच्या बाजूने बोलणारे थोडेच. यात नवल नाही. उद्या त्या घरात राहायला येणारे कुटुंब आज दुसऱ्याच गावात भाड्याने राहत असते, आणि शेजाऱ्यांना जाणारी नोटीस त्याला मिळत नाही.

अटी घालण्याची मर्यादा

मंजुरी देताना मंडळ अटी घालते: झाडे लावा, पदपथ बांधा, चौकातल्या सिग्नलचा खर्च उचला. याला सीमा कुठे? ऑरेगन राज्यातील टायगार्ड येथे फ्लॉरेन्स डोलन यांना आपले दुकान वाढवायचे होते. शहराने परवानगीच्या बदल्यात पूररेषेतील जमीन आणि सायकलमार्गासाठी पट्टा मागितला. मागणी आणि प्रकल्पाचा परिणाम यांच्यात संबंध हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितले होते. डोलन खटल्यात (1994) मागणी परिणामाच्या साधारण प्रमाणातही हवी, अशी भर पडली. पुढे 2013 मध्ये ही कसोटी पैशांच्या मागणीलाही लागू झाली, आणि शुल्क विधिमंडळाने ठरवले एवढ्यावरून ते या कसोटीतून सुटत नाही, असे 2024 मध्ये ठरले. तेव्हापासून अटीमागची आकडेमोड ठरावात लिहून ठेवणे मंडळांच्या हिताचे झाले आहे.

राज्यांचा हस्तक्षेप

माउंट लॉरेल (न्यू जर्सी) या टाउनशिपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना तिथेच परवडणारी घरे बांधायची होती. झोनिंगमध्ये सुट्या एककुटुंबी घरांवाचून दुसरे काही बसत नव्हते. एथेल लॉरेन्स या लढ्याच्या अग्रभागी होत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये निर्णय दिला की, विकसनशील पालिकेने आपल्या भागातील कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांच्या गरजेचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. पालिकांनी चालढकल केल्यावर 1983 च्या दुसऱ्या निकालाने बिल्डरांना कोर्टामार्फत जादा घनतेची परवानगी मिळवण्याचा रस्ता मोकळा केला. तरीही माउंट लॉरेलच्या नियोजन मंडळाची मंजुरी मिळायला 1997 साल उजाडले. लॉरेन्स 1994 मध्येच वारल्या होत्या. त्यांच्या नावाची 140 घरांची वसाहत उभी राहिल्यानंतर प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. आसपासची गुन्हेगारी, घरांच्या किमती, कर यांवर सुनावणीत भाकीत केलेला कोणताही परिणाम त्यांना सापडला नाही. शेजारच्या कित्येकांना अशी वसाहत आपल्याजवळ आहे हेसुद्धा माहीत नव्हते.

मॅसॅच्युसेट्सने 1969 मध्येच वेगळी वाट धरली होती. ज्या गावात परवडणारी घरे दहा टक्क्यांहून कमी, तिथे काही घरे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखणाऱ्या बिल्डरला झोनिंग ओलांडून एकच सर्वसमावेशक परवाना मागता येतो आणि नकार मिळाल्यास राज्याच्या समितीकडे दाद मागता येते. हा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी 2010 मध्ये फेटाळला. 2021 च्या कायद्याने बॉस्टनच्या वाहतूकसेवेतील 177 गावा-शहरांना बहुकुटुंबी घरे हक्काने बांधता येतील असा निदान एक झोन आखण्यास बांधून घेतले. मिल्टन गावाने तसा झोन मंजूर केला, पण फेब्रुवारी 2024 च्या सार्वमतात मतदारांनी तो उलटवला. राज्याच्या महाअधिवक्त्या कोर्टात गेल्या. जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध आणि बंधनकारक ठरवला, मात्र त्याखालील मार्गदर्शक सूचना योग्य प्रक्रियेने न काढल्यामुळे रद्द केल्या. ऑरेगनने 2019 मध्ये दहा हजारांवरील वस्तीच्या शहरांत एककुटुंबी भूखंडावर जोडघरांना मुभा देणे सक्तीचे केले. कॅलिफोर्नियाने 2017 च्या कायद्याने, घरांचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या शहरांत, अटी पूर्ण करणारे प्रकल्प सुनावणीशिवाय मंजूर करण्याची सोय केली. या सर्व उपायांत समान धागा एकच: मंडळापुढे येणाऱ्या प्रश्नांची संख्याच कमी करणे.

ह्यूस्टन

अमेरिकेतील मोठ्या शहरांत ह्यूस्टनला झोनिंग नाही. तेथील मतदारांनी ते 1948, 1962 आणि 1993 असे तीन वेळा नाकारले. नियोजन आयोग मात्र तिथेही आहे, आणि प्लॉट पाडण्याचे नकाशे त्याच्याकडूनच मंजूर व्हावे लागतात. शहराने 1998 मध्ये आतल्या वर्तुळमार्गाच्या आत किमान भूखंड 5,000 चौरस फुटांवरून 1,400 वर आणायला वाट करून दिली आणि 2013 मध्ये ती सवलत उरलेल्या शहरालाही दिली. जुन्या बंगल्यांच्या जागी एकमेकांना खेटून उभी राहिलेली तीन मजली घरे ही त्याची फळे. त्याच वेळी अनेक वस्त्यांत खरेदीखतांतले खासगी निर्बंध झोनिंगचेच काम करतात, आणि ते मोडल्यास शहराचे वकील दावा लावू शकतात. जिथे असे निर्बंध नाहीत, तिथल्या रहिवाशांना आपल्या रस्त्यापुरता किमान भूखंडाचा नियम मागण्यासाठी अर्ज करण्याची मुभा आहे.