‘स्टार वॉर्स’ कुणाचं? चाहते आणि कर्ता यांच्यातल्या ओढाताणीची पार्श्वभूमी

जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या ‘फिल्म ऑन फिल्म’ महोत्सवाची सुरुवात एका ४८ वर्षं जुन्या प्रिंटने केली. चित्रपट होता अंतराळातल्या साहसाचा ‘स्टार वॉर्स’. १९७७ साली थिएटरात लागला होता अगदी तसाच, त्या काळच्या टेक्निकलर प्रिंटवरून. जो चित्रपट कुणालाही घरबसल्या मोबाइलवर सापडतो, तो पडद्यावर लावला तर त्याची जगभर बातमी का व्हावी, असं बाहेरच्या माणसाला वाटणं साहजिक आहे. पण घरबसल्या सापडतो तो हा चित्रपट नव्हेच. खुद्द दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये तो बदलला, पुढेही बदलत राहिले, आणि मूळ रूप बाजारातून जवळजवळ नाहीसं केलं. २००६ मध्ये ते एकदा डीव्हीडीवर मिळालं, तेही सोबतची भेट म्हणून, जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून उतरवलेलं.

या मालिकेचे जुने चाहते या गोष्टीवरून अजून चिडतात. चित्रपट ज्याने केला त्यानेच तो बदलला, मग प्रेक्षकाने चिडायचं कारण काय? त्याचं उत्तर शोधायला १९९७ च्या बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या विज्ञानकथेच्या वाचकांना बोलायची सवय फार आधी लागली होती. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसकट छापली जात. परिणाम असा झाला, की संपादकाला लिहिणारे लोक हळूहळू परस्परांना लिहू लागले. मंडळं निघाली, सायक्लोस्टाइल केलेले घरगुती अंक निघाले, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं डग्लसबाईंनी शिवलेले भविष्यकाळातले पोशाख घालून हिंडले. आज ज्याला कॉसप्ले म्हणतात त्याची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. पुढे १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही दूरदर्शन मालिका बंद व्हायच्या बेतात होती, तेव्हा बिजो आणि जॉन ट्रिंबल या दाम्पत्याने पत्रांची मोहीम उभारली आणि मालिकेला तिसरं पर्व मिळालं. आपण पत्र लिहिलं तर पडद्यावरची गोष्ट हलते, हा विश्वास या मंडळींच्या मनात पक्का बसला तो तेव्हापासून.

लुकास यांच्या कंपनीतले प्रसिद्धिप्रमुख चार्ल्स लिपिनकॉट यांना ही माणसं ठाऊक होती. त्यांचं श्रेय या इतिहासात फार कमी वेळा दिलं जातं. ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर यायला अजून वर्ष असताना, १९७६ मध्ये, ते सॅन दिएगोच्या कॉमिक्स मेळाव्याला गेले आणि नंतर कॅन्सस सिटीच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्यांनी वेशभूषा आणि चित्रपटाचे चित्रकार राल्फ मॅकवॉरी यांची चित्रं मांडली. नायक ल्यूकचं काम करणारा, तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला मार्क हॅमिलही तिथे होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कादंबरी बाजारात आली. मुखपृष्ठावर नाव लुकास यांचं, लिहिली अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. म्हणजे २५ मे १९७७ च्या बुधवारी अमेरिकेतल्या अवघ्या ३२ थिएटरांत चित्रपट लागला, तेव्हा ‘आम्हाला हे आधीपासून माहीत होतं’ असं म्हणणारा एक वर्ग तयार होता. चित्रपट लागण्याआधीच त्याचे चाहते होते, ही गोष्ट पुढचं सगळं समजून घ्यायला महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट कराराची. लुकास यांनी स्वतःचं मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि चित्रपटावर निघणाऱ्या वस्तूंचे हक्क आपल्याकडे घेतले. ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओला त्यात फार काही दिल्यासारखं वाटलं नाही, कारण तोवर चित्रपटाच्या खेळण्यांतून कुणी श्रीमंत झाल्याचं फारसं ऐकिवात नव्हतं. खेळणी करायचं काम सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे गेलं. चित्रपट इतका चालेल असं केनरलाही वाटलं नसावं, कारण १९७७ च्या नाताळपर्यंत बाहुल्या तयारच झाल्या नाहीत. तेव्हा त्यांनी चक्क रिकामी खोकी विकली. खोक्यात एक चित्राचा पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवलं की नव्या वर्षात नायक ल्यूक, राजकन्या लेया, केसाळ च्युबॅका आणि छोटा यंत्रमानव आरटू-डीटू या चार बाहुल्या टपालाने घरी यायच्या. आईबापांनी पैसे मोजून मुलांना पुठ्ठा भेट दिला आणि मुलं त्यावरही खूष होती! १९७८ संपेपर्यंत या खेळण्यांचे चार कोटींहून अधिक नग खपले होते.

या बाहुल्या पावणेचार इंचांच्या, म्हणजे लहान. त्यामुळे त्यांच्यासाठी यानंही करता आली, आणि ती पोराच्या हातात मावली. चित्रपट तीन वर्षांतून एकदा येणार, मधल्या काळात गोष्ट पुढे नेणार कोण? ती पोरांनी जमिनीवर बसून नेली. त्यात कुणाला मारायचं आणि कुणाला वाचवायचं, हे लुकास ठरवत नव्हते. माझ्या मते मालकीच्या भावनेचं खरं मूळ इथे आहे. तिकीट काढून पाहिलेला चित्रपट आणि हाताने खेळलेली गोष्ट यांत फरक असतोच.

मोठ्यांनी हेच कागदावर केलं. घरगुती अंकांतून ल्यूक, त्याचा तस्कर मित्र हान आणि लेया यांच्या नव्या कथा येऊ लागल्या आणि त्या लिहिणाऱ्यांत बायकांचं प्रमाण मोठं होतं. ‘स्टार ट्रेक’वर ‘स्पॉकॅनेलिया’सारखे अंक १९६७ पासून निघत होते, तीच परंपरा इकडे वळली. लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीने बराच काळ काणाडोळा केला. नफा नसला की झालं. पण काही कथांत शृंगार धीट होऊ लागला तेव्हा, १९८१ मध्ये, अधिकृत चाहतामंडळाच्या प्रमुख मॉरीन गॅरेट यांच्याकडून अंकांच्या संपादकांना पत्रं गेली: हे चित्रपट सगळ्या कुटुंबाने पाहायचे आहेत, असलं लेखन खपवून घेतलं जाणार नाही. पहिल्याच चित्रपटात एक अख्खा ग्रह माणसांसकट भस्म होतो, ते मात्र कुटुंबाने पाहायला हरकत नव्हती. लेखिका रागावल्या, काहींनी लेखन थांबवलं, काहींनी ते चोरून वाटलं. गोष्ट कायद्याने कुणाची आहे हे चाहत्यांना लेखी कळलं ते तेव्हा.

१९८३ मध्ये तिसरा चित्रपट ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ आला आणि मालिका तेव्हापुरती संपली. मार्व्हलचं कॉमिकही १९८६ मध्ये थांबलं. पुढची काही वर्षं सगळं शांत होतं. त्या काळात हे विश्व जिवंत ठेवलं ते १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने काढलेल्या, कागद-पेन्सिल-फाशांनी खेळायच्या एका खेळाने. खेळायचं तर तपशील हवेत. चित्रपटात दोन सेकंद दिसलेल्या जमातीचं नाव काय, यानाचा वेग किती, कोणत्या ग्रहावर कोण राहतं, हे सगळं त्या पुस्तिकांत भरलं गेलं. नंतर विज्ञानकथाकार टिमथी झान यांना नवी कादंबरी लिहायला सांगितली, तेव्हा संदर्भासाठी याच पुस्तिका त्यांच्या हाती दिल्या गेल्या. ती कादंबरी, ‘एअर टु द एम्पायर’, १९९१ मध्ये आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा, शत्रूच्या चित्रकलेवरून त्याचं मन ओळखणारा सेनापती थ्रॉन हा त्या पुस्तकातला. पुढे शेकडो कादंबऱ्या आणि कॉमिक्स निघाली.

आणि मग १९९७. विसाव्या वाढदिवसाला लुकास यांनी तिन्ही चित्रपट संगणकाने दुरुस्त करून पुन्हा थिएटरात आणले. नवे प्राणी, नवे स्फोट, वाढीव दृश्यं. यातलं बरंचसं लोकांनी सोडून दिलं असतं. पण खानावळीतल्या प्रसंगात हान सोलो समोर बसलेल्या, त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला टेबलाखालून गोळी घालतो, तिथे आता ग्रीडो आधी झाडतो आणि हान उत्तर देतो, असं दिसू लागलं. एका सेकंदाचा बदल, पण बेरकी तस्कराचा सज्जन माणूस झाला आणि त्याच्या पुढच्या सुधारण्याला अर्थच उरला नाही. ‘हाननेच आधी गोळी झाडली’ हे वाक्य टी-शर्टवर छापलं गेलं.

आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात यापुढे स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवील, असं बजावलं. इथे पेच उलटा होता. नरोटी ठेवणारा स्वतः कवीच होता आणि पाठ राखायला वारकरी उभे होते. गंमत अशी, की याच लुकास यांनी मार्च १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवणाऱ्यांवर कडक टीका केली होती. कलाकृती पुढच्या पिढ्यांची असते, तिच्यात फेरफार करणं हा रानटीपणा आहे, असा त्यांचा रोख होता. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिले २५ चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. चाहते हे दोन्ही दाखले अजून तोंडपाठ सांगतात. पुढे चेक प्रजासत्ताकातल्या पेत्र हार्माचेक या चाहत्याने निरनिराळ्या प्रतींतले तुकडे जुळवून मूळ चित्रपट पुन्हा उभा केला. कायद्याच्या दृष्टीने ती नक्कल, जुन्या प्रेक्षकांच्या दृष्टीने जीर्णोद्धार.

१९९९ मध्ये आलेल्या मालिकेच्या नव्या चित्रपटाबद्दल, ‘फँटम मेनेस’बद्दल, इतकं लिहिलं गेलंय की इथे लांबण लावत नाही. ट्रेलर पाहण्यासाठी दुसऱ्याच चित्रपटाचं तिकीट काढून लोक ट्रेलर संपताच उठून गेले, हॉलीवूडच्या चायनीज थिएटरबाहेर आठवडेच्या आठवडे रांगा लागल्या, आणि मग अपेक्षाभंग झाला. त्याची किंमत त्यातल्या जार जार बिंक्स या विनोदी पात्राचं काम करणाऱ्या अहमद बेस्ट यांनी मोजली. त्या काळात आत्महत्येच्या टोकापर्यंत गेलो होतो, हे त्यांनी २०१८ मध्ये सांगितलं. चाहत्यांच्या हक्काची ही काळी बाजू त्या इतिहासातून वगळता येत नाही.

पण त्याच सुमारास दुसरंही काही घडत होतं. १९९७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या अल्बिन जॉन्सन यांनी साम्राज्याच्या शिपायांची पांढरी चिलखतं घालणाऱ्या हौशी लोकांची पलटण काढली. तिचं नाव पाचशे एकावी. खलनायकांच्या पोशाखात इस्पितळात जायचं, आजारी मुलांना भेटायचं, मदतनिधी गोळा करायचा. ही चिलखतं विकतची नसतात. साचे काढून, प्लॅस्टिक तापवून, पट्ट्या शिवून लोक ती घरी करतात आणि मंडळातले जाणकार ती बारकाईने तपासून मगच प्रवेश देतात. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’च्या वेळी पडद्यावर खलनायक झालेल्या अनाकिनच्या मागून चालत गेलेल्या तुकडीला याच मंडळाच्या सन्मानार्थ पाचशे एकावी हे नाव दिलं गेलं. आरटू-डीटू घरी बनवणाऱ्यांचंही असंच. २०१३ मध्ये जर्मनीतल्या मेळाव्यात लुकासफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी यांनी ते यंत्रमानव पाहिले आणि ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन हौशी कारागिरांना पुढच्या चित्रपटाच्या कामावरच घेतलं. ट्युनिशियाच्या वाळवंटातलं ल्यूकचं घुमटाकार घर ढासळू लागलं, तेव्हा वर्गणी काढून ते लिंपायला २०१२ मध्ये गेले ते चाहतेच. स्टुडिओ चित्रण संपवून केव्हाच निघून गेला होता.

२००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ३ लाख ९० हजारांवर लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’, म्हणजे या चित्रपटांतल्या योद्ध्यांच्या पंथाचं नाव, लिहिलं. ही बरीचशी थट्टा होती. अभ्यासकांनी त्यावर गंभीर निबंध लिहिले, ते जाऊ द्या.

३० ऑक्टोबर २०१२ ला लुकास यांनी कंपनी डिस्नेला विकल्याचं जाहीर झालं. किंमत चार अब्ज डॉलरच्या थोडी वर. दीड वर्षाने, एप्रिल २०१४ मध्ये, नव्या मालकांनी सांगितलं की झान यांच्यापासूनच्या सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. अधिकृत विश्वात ते घडलेलंच नाही. नव्या चित्रपटांना मोकळी जागा हवी होती हे कारण समजण्यासारखं आहे. पण वीस-बावीस वर्षं पदरचे पैसे घालून वाचलेलं सगळं एका सकाळी खोटं ठरलं.

डिसेंबर २०१५ मध्ये नव्या मालकांचा पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट, ‘द फोर्स अवेकन्स’, जगभर लागला. आपल्याकडे तो आठवडाभर उशिरा, २५ तारखेला आला. १८ डिसेंबरला ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ लागले होते, म्हणजे जेडायांना पेशव्यांसाठी थांबावं लागलं असं म्हणायला हरकत नाही. मराठी प्रेक्षकांपैकी पुष्कळांची या मालिकेशी ओळख व्हिडिओ कॅसेट आणि नंतर केबलवरून, भागांचा क्रम उलटसुलट होऊन झालेली. त्यामुळे १९७७ चं मूळ रूप कोणतं, हा वाद इकडे कधी तापलाच नाही.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’नंतर चाहत्यांत उभी फूट पडली. त्यात रोझ या पात्राचं काम करणाऱ्या केली मरी ट्रॅन यांना वंशावरून आणि दिसण्यावरून इतकी शिवीगाळ झाली, की त्यांनी २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. चित्रपट आवडला नाही म्हणणं वेगळं. हे त्यातलं नव्हतं.

दंतकथांत ढकललेला थ्रॉन मात्र परत आला. २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत, पुढच्या वर्षी झान यांच्याच नव्या कादंबरीत, आणि २०२३ मध्ये ‘अहसोका’ या मालिकेत हाडामांसाचा. लार्स मिकेलसन यांनी आधी आवाज दिला आणि मग कामही केलं. हा १९९१ चा थ्रॉन आहे की त्याचं फक्त नाव घेतलेला दुसराच कुणी, यावर जुन्या वाचकांचं एकमत अजून झालेलं नाही.