स्पीकरमधली घरघर आणि भिंतीतली वायर

काळी एकचा तानपुरा, संथ आलाप, आणि दोन स्वरांमधल्या शांततेत स्पीकरमधून अखंड येणारी बारीक घरघर. चांगला ॲम्प्लिफायर घेतलेल्या पुष्कळ घरांत हे ऐकू येतं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ही घरघर ५० किंवा १०० हर्ट्झवर येते. तो सूर हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या जरासा वर चढलेला असतो. काळी एकच्या षड्जावरून मोजलं तर तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधेच कुठेतरी पडतो. भूप राग चालू असेल तर त्यात मध्यमच वर्ज्य, आणि हा सूर तर कुठल्याच स्वरस्थानावर बसत नाही. कान तयार असलेल्या माणसाला तो छळतो.

यावर उपाय म्हणून हजारो रुपयांच्या जाडजूड पॉवर कॉर्ड विकल्या जातात. माझं स्पष्ट मत आहे की तो पैसा भिंतीत, म्हणजे घराच्या वायरिंगमध्ये घालावा.

आधी दोष कुठे आहे ते शोधू. ॲम्प्लिफायर चालू ठेवायचा, आवाज शून्यावर आणायचा, इनपुटच्या सगळ्या केबली काढायच्या आणि मग आवाज हळूहळू वाढवायचा. घरघर तरीही राहिली तर दोष यंत्राच्या पोटात आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट उतरवतो, डायोड विजेला एकमार्गी करतात आणि मोठे कपॅसिटर ती साठवतात. हे कपॅसिटर भरतात ते लाट शिखराजवळ असतानाच, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. ते जुने होऊन सुकले की १०० हर्ट्झची घरघर सुरू होते. घराची वायरिंग बदलून ती जाणार नाही.

केबल काढताच शांतता पसरली, तर मात्र बहुतेक वेळा अर्थिंगचं वर्तुळ तयार झालेलं असतं. समजा, ॲम्प्लिफायरची तीन पिन हॉलच्या बोर्डात आहे आणि त्याला जोडलेल्या संगणकाची आतल्या खोलीत. किंवा सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल शेजारच्या इमारतीवरून आलीय आणि तिची जाळी तिथे कुठेतरी जमिनीला टेकलीय. अर्थचा दाब (व्होल्टेज) सगळीकडे शून्य, असं आपण शाळेत धरून चालतो. प्रत्यक्षात फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांच्या फिल्टरमधून थोडी गळती सतत अर्थच्या वायरीत जात असते, त्यामुळे दोन ठिकाणच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. आरसीए केबलची (यंत्रं एकमेकांना जोडणारी नेहमीची ऑडिओ केबल) बाहेरची जाळी ही सिग्नलची परतीची वाटही असते. वर्तुळ पूर्ण झालं की हा परका प्रवाह त्याच जाळीतून वाहतो आणि तिच्या रोधावर पडलेला दाब थेट गाण्यात मिसळतो. सिग्नल एक व्होल्टचा आणि भेसळ एक मिलिव्होल्टची धरली, तर दोघांत ६० डेसिबलचं अंतर पडतं. ढोलकीच्या फडात ती भेसळ कुणाला कळणार नाही, पण आलापात कळते.

इथे अनेक जण तीन पिनच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकतात. घरघर जाते, हे खरं. पण पुढे कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील, आणि केबलच्या जाळीतून जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावरही. हा उपाय कुणीही सुचवला तरी करू नका. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने आणा (काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही), केबल टीव्हीच्या वायरीवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारा जोड) बसवा.

आता फक्त ॲम्प्लिफायरसाठी वेगळ्या लाईनचा मुद्दा. परदेशातले हौशी लोक यावर फार भर देतात. जपानमध्ये काहींनी घराशेजारी फक्त स्वतःसाठी विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभारून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण तिथला पुरवठा १०० व्होल्टचा. तेवढ्याच वॅटसाठी तिथे आपल्या २.३ पट प्रवाह लागतो आणि त्याच वायरीत दाबाची टक्केवारीतली घट पाच पटींहून जास्त होते. अमेरिकेच्या १२० व्होल्टवरही ती साडेतीन पटींच्या वर जाते. आपलं गणित निराळं आहे. डीबीपासून (घरातला वीज वाटणारा मुख्य बोर्ड) हॉलपर्यंत पंधरा मीटर धरले, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.३६ ओहमच्या आसपास भरतो. घरगुती आवाजात ऐकताना नेहमीचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर सरासरी एक अँपिअरही ओढत नाही. घट अर्ध्या व्होल्टच्याही आत! अडीचची वायर टाकली की पुरे. चार-सहाची ओढून गाण्यात फरक पडायचा नाही.

तरीही मी वेगळी लाईन घ्याच म्हणतो, ती जोडांसाठी. आपल्याकडे वायरमन एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डाला लूप मारत जातात. हॉलच्या सॉकेटपर्यंत पोचणारा न्यूट्रल वाटेत चार-पाच स्क्रूखालून गेलेला असतो आणि त्याच वाटेवर पंखा, एलईडी दिवे, कधी फ्रिजही असतो. त्यातला एखादा स्क्रू ढिला होऊन तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला आणि आठ अँपिअर वाहिले, तर त्या एका बिंदूवर ३२ वॅट उष्णता निघते. ही झाली छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही प्लास्टिकच्या बोर्डाच्या आत! सॉकेट पिवळं पडतं, जळका वास येतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताच स्पीकरमध्ये टक् होतं. डीबीतून थेट ओढलेल्या लाईनीला मोजून दोन टोकं असतात: एक डीबीत, एक सॉकेटमध्ये.

पंख्याचा रेग्युलेटर स्वतंत्रपणे तपासा. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो. त्या धारदार कापातून निघणारी झणझण वायरीतून आणि हवेतून ॲम्प्लिफायरपर्यंत पोचते. पंखा फुल केल्यावर झणझण थांबली तर गुन्हेगार सापडला. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, तो लाट कापत नाही.

मोठा गोल ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प्लिफायर चालू करताना एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल, तर जास्त अँपिअरचा एमसीबी बसवायचा नाही. एमसीबी असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. तेवढ्याच अँपिअरचा सी प्रकारचा घ्यावा. बी प्रकार तीन ते पाच पट प्रवाहाला झटक्यात पडतो, सी पाच ते दहा पटींना, त्यामुळे सुरुवातीचा क्षणिक झटका तो सोसतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच.

घराचं काम निघणार असेल तर प्लास्टर होण्याआधी परवानाधारक वायरमनकडून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन अखंड वायरी स्वतंत्र पाइपातून ओढून घ्या. काम झाल्यावर एसी आणि गीझर चालू ठेवून त्याला मल्टिमीटरने त्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा. आकडा दोन-तीन व्होल्टच्या बराच वर गेला किंवा सारखा नाचत राहिला, तर न्यूट्रल किंवा अर्थ कुठेतरी ढिला आहे. तो जोड सापडेपर्यंत वायरमनला सोडू नका.