नाशिकमध्ये बीए मानसशास्त्र: प्रवेश कसा घ्यायचा, कागदपत्रं कोणती लागतात

मानसशास्त्रात बीए करण्यासाठी राज्याची सीईटी नाही. बारावी कोणत्याही शाखेतून पास असली की पुरे. सायन्सच लागतं, असं बऱ्याच घरांत अजून धरून चालतात, पण ते खरं नाही. नाशिकची बहुतेक कला महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर, गुणवत्ता यादीनुसार होतो. निकालानंतर कॉलेजांचे ऑनलाइन फॉर्म सुटतात. एकाच कॉलेजच्या भरवशावर राहू नका, दोन-तीन ठिकाणी भरा.

फॉर्म भरणं अवघड नाही. जपायचं असतं ते विषय निवडताना. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. बीएच्या पहिल्या वर्षी तीन विषयांचा गट घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षी त्यातलाच एक मेजर, म्हणजे मुख्य विषय करायचा. पहिल्या वर्षाच्या गटात मानसशास्त्र नसेल, तर पुढे ते मेजर म्हणून मिळवणं फार कठीण जातं. म्हणून कॉलेज रोडचं एचपीटी असो, गंगापूर रोडचं केटीएचएम असो की दुसरं कुठलं, खिडकीवर नुसतं ‘सायकॉलॉजी आहे का?’ विचारून परत येऊ नका. ‘आहे’ असं उत्तर मिळतं, पण विषय फक्त मायनर, म्हणजे दुय्यम म्हणून असू शकतो. ‘टीवायपर्यंत (तिसऱ्या वर्षापर्यंत) मेजर मिळतं का, कोणत्या गटात आहे, प्रॅक्टिकल कुठे होतात?’ असं नेमकं विचारा. जमलं तर विभागातल्या सरांना-मॅडमना भेटा. या विषयात प्रयोग आणि संख्याशास्त्रही असतं, हे मुलांना आधीच कळलेलं बरं.

तीन वर्षांनी बीए मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा मूळ दाखला (एलसी), आधार, फोटो आणि एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चा क्रमांक) लागतो. एलसी कॉलेजात जमा होते, त्यामुळे आधी झेरॉक्स काढून ठेवा. एबीसी आयडी डिजिलॉकरवर फुकट निघतो, पण आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडतं. मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. क्रमापेक्षा स्पेलिंगमधला फरक जास्त त्रास देतो. दुरुस्ती करायची असेल तर निकालाची वाट पाहू नका. सीबीएसई किंवा बाहेरच्या बोर्डाच्या मुलांना मायग्रेशन (बोर्ड बदलल्याचं प्रमाणपत्र) आणि विद्यापीठाचा पात्रता अर्ज, तर मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला. ओबीसी, एसईबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नॉन-क्रीमी लेयरही. त्यावरची मुदत वाचा, ती ३१ मार्चला संपते. जुना दाखला फाइलमध्ये आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि ऐन जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहावं लागतं. ‘आपले सरकार’ पोर्टलवर एप्रिलमध्येच अर्ज टाका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही त्याच वेळी काढा, महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो लागतोच. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. सुरगाणा, पेठकडून येणाऱ्या आदिवासी मुलांनी वसतिगृहाचा अर्ज वेगळा करावा. तिथे जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. पैशाअभावी या मुलांचं शिक्षण थांबू नये, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच त्यांना हे सांगायला हवं.

मुक्त विद्यापीठ नाशकातच आहे, त्यामुळे ‘नोकरी करत बाहेरून करता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. मानसशास्त्राच्या ऑनलाइन पदवीची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

आणि पालकांनी एक समजून घ्यावं: बीए झालं म्हणजे कोणी मानसोपचार करायला पात्र ठरत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. पुढे कुठेही प्रवेश घ्याल, तेव्हा त्या संस्थेचं नाव आरसीआयच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः शोधा.