लिनक्सवर गेमिंग: कार्डाचे जीबी नव्हे, चिपची पिढी बघा

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून गेमही खेळायचे असतील, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना 'चार जीबी आहे' एवढ्यावर सौदा करू नका. आधी चिप कोणत्या पिढीची ते विचारा.

लिनक्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसून कार्डाची मेमरी, वेग आणि डिस्प्ले सांभाळतो. दुसरा लायब्ररीच्या रूपात गेमबरोबर चालतो आणि गेमच्या आज्ञा चिपला कळतील अशा करून देतो. विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात ते स्टीम या गेमच्या दुकानाने दिलेल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमधून. त्यातलं डीएक्सव्हीके हे डायरेक्टएक्स 11 आणि त्याआधीच्या, म्हणजे विंडोजच्या, ग्राफिक्स आज्ञांचं व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या आज्ञापद्धतीत रूपांतर करतं, आणि नोव्हेंबर 2022 च्या 2.0 आवृत्तीपासून त्याला व्हल्कन 1.3 लागतं. घोडं पेंड खातं ते इथेच.

एनव्हीडियाच्या जीटी 730 या कार्डाचंच बघा. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. कार्ड लावून टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) ही कमांड द्या. जीएफ108 दिसलं तर चिप फर्मी पिढीची. एनव्हीडियाचा 390 हा तिचा शेवटचा ड्रायव्हर आणि त्यात व्हल्कन नाहीच. जीके208 म्हणजे केप्लर. तिचा ड्रायव्हर 470 वर थांबला आणि व्हल्कन 1.2 वर अडला. अशा कार्डावर प्रोटॉनला ओपनजीएल या व्हल्कनआधीच्या आज्ञापद्धतीच्या वाटेने नेता येतं, पण वेग खूप पडतो. आमचं स्पष्ट मत: गेमिंगसाठी ही कार्डं घेऊच नका. एनव्हीडियाचंच जीटीएक्स 1050 टीआय अजून चांगलं चालतं, मात्र ते ड्रायव्हरच्या 580 मालिकेवरच ठेवावं लागतं. त्यापुढच्या ड्रायव्हरमधून ती पिढी वगळली आहे.

कमी पैशांत निर्धास्त राहायचं तर एएमडीचं 2017 चं आरएक्स 580 हे कार्ड घ्या. त्याचा अ‍ॅमडजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, आणि व्हल्कनचा भाग, म्हणजे आरएडीव्ही, मेसा या खुल्या ग्राफिक्स लायब्ररींच्या संचात. आरएडीव्ही 2016 मध्ये एएमडीबाहेरच्या प्रोग्रामरांनी सुरू केला. 2025 मध्ये एएमडीने स्वतःचा वेगळा खुला व्हल्कन ड्रायव्हर बंद करून त्यालाच पाठिंबा दिला. मोकळ्या कोडचं हे मोल आहे: कंपनीचं लक्ष नव्या कार्डांकडे वळलं तरी जुनं कार्ड वाऱ्यावर पडत नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर 'व्हल्कनइन्फो --समरी' (vulkaninfo --summary) चालवा. यादीत फक्त 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) दिसलं तर चित्र सीपीयू काढतोय, कार्ड नाही. एनव्हीडियाच्या बाबतीत बहुतेकदा सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड अडवणारी पीसीची सुरक्षा, आडवं आलेलं असतं. उबुंटू हे लिनक्स ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' (Enroll MOK) निवडून तोच द्यायचा. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. ती हुकली की कर्नल ड्रायव्हरचा आपल्यातला भाग (मॉड्यूल) नाकारतो.

नवे गेम चालतात पण जुने उघडतच नाहीत, असं झालं तर बहुधा जुन्या गेमना लागणाऱ्या व्हल्कनच्या 32-बिट लायब्ररी टाकायच्या राहिल्यात. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमसाठी मात्र ड्रायव्हर बदलत बसू नका. त्याची व्हॅनगार्ड ही फसवेगिरी रोखणारी अँटी-चीट यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते आणि लिनक्सवर चालत नाही.